गेलेल्या बाईचं वजन

खिडकीच्या जाळीतून आत वाकून त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "इथं एक जाडी अम्मा बसायची, ती वारली का गं बिड्डा?" आणि मी म्हणाले, "हो, गेली."

का म्हणाले, कुणास ठाऊक. हनमकोंडा बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं बसते आहे. माझ्या तोंडातून चुकीची माहिती गेली असं कोणी म्हणणार नाही. त्या दिवशी शनिवार होता, दुपारची वेळ, सम्मक्का देवीच्या जत्रेला बारा दिवस उरलेले. मेडारमच्या स्पेशल गाड्यांची विचारपूस करणाऱ्यांनी जीव खाल्ला होता, आणि त्या गर्दीत हा पस्राकडचा म्हातारा, काखेत कोंबडा धरलेला, माझ्या मरणाची चौकशी करत होता. मी हो म्हटल्यावर त्यानं डोक्याचा टॉवेल काढला. कोंबडा सांभाळत एका हातानं काढला, म्हणून टॉवेल खाली पडला, तो उचलायला वाकला, मग पुन्हा वर आला. "चांगली बाई होती," तो म्हणाला. "माझ्या सुनेला गाडीतच कळा सुटल्या होत्या. हिनं माइकवरून ओरडून ओरडून ताडवाईची गाडी थांबवली, नर्स शोधली. एवढं मोठं अंग, पण जीव त्याच्याहून मोठा. कशानं गेली?" मी म्हटलं, "दम लागून." "नवरा होता ना तिला?" "आहे." "बिचारा," तो म्हणाला, आणि मग पस्राची गाडी कितीला म्हणून विचारलं. दोन चाळीस, फलाट पाच. मी माइक ओढून तीच गाडी पुकारली. तो वर भोंग्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "आवाज तसाच आहे गं. बहीण का तिची?" मी त्यालाही हो म्हटलं.

तो गेला. माझ्याच मरणाची विचारपूस करणारं माणूस पहिल्यांदा भेटलं, आणि ते माणूस इतकं चांगलं बोलून गेलं की मला त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटला. तिच्याबद्दल असं कोणी माझ्यापाशी कधी बोललं नव्हतं. ती जिवंत होती तेव्हा लोक खिडकीत वाकायचे, बघायचे आणि एकमेकांना कोपरानं ढोसायचे. पोरं म्हणायची, ही आत शिरली कशी, हिच्याभोवती नंतर भिंती बांधल्या असतील. मी ऐकायचे आणि माइकवर मुलुगूची गाडी पुकारायचे. आवाज माझा चांगला होता, आहे. आवाजाला अंग नसतं, ही या नोकरीतली सगळ्यात मोठी सोय. भोंग्यातून बोलणारी सारक्का कशीही असू शकायची, बारीक, उंच, एखाद्या नटीसारखी. सम्मक्काची लेक सारलम्मा, तिलाच सारक्का म्हणतात, तिचं नाव आईनं मला ठेवलं, जत्रेच्या महिन्यात जन्मले म्हणून. आमच्या भागात त्या वर्षी जन्मलेल्या निम्म्या पोरी सारक्का आहेत. पण बसस्टँडवर सारक्का म्हटलं की मीच.

एकशे एकतीस किलो. तीन वर्षांपूर्वी एवढी होते. आता बहात्तर आहे. हे सांगताना माझा आवाज चढतो, हे मला कळतं, आणि समोरचं माणूस पहिला प्रश्न काय विचारतं तेही मला पाठ झालंय. "काय आजार झाला अक्का?" कोणी शुगर म्हणतं, कोणी खालच्या आवाजात त्या दुसऱ्या रोगाचं नाव घेतं, जे घेऊ नये. डेपोतल्या एकीनं तर माझ्या नावानं परस्पर नवस बोलून टाकला. भात सोडला, तांदळाच्या पिठाची तेलकट सर्वपिंडी सोडली, ज्वारीची एक भाकरी आणि उकडलेली भाजी, आणि रोज सकाळी भद्रकाली तळ्याच्या बांधावर दोन फेऱ्या, पुढे चार, पुढे सहा. पाऊस नाही, सण नाही, पाय सुजलेत म्हणून सुट्टी नाही. हे कोणाला सांगितलं तर पटत नाही. रोग झाला म्हटलं की लगेच पटतं, आणि चेहरा असा होतो की वाटतं यांना सांगून टाकावं, होय बाई, तोच रोग, आता समाधान झालं?

आणि त्यांचाही काय दोष? चेहरा माझा बेचाळीसचा दिसत नाही, साठीचा दिसतो. गाल ओघळलेत. मानेखाली कोंबड्यासारखं लोंबतं. पण चेहऱ्याचं काही नाही, चेहरा लोक बघून बघून विसरतात. खरं ते साडीच्या आत आहे आणि ते फक्त मला माहीत आहे. रोज सकाळी मी स्वतःची घडी घालते. पोटाची कातडी मांड्यांवर येते, ती दोन्ही हातांनी उचलायची, खालची घामानं लाल झालेली जागा पुसायची, कोरडी करायची, पावडर मारायची, मग कातडी आत दुमडायची आणि जुन्या सुती साडीची पट्टी फाडून ठेवली आहे ती कमरेभोवती तीन वेढे घट्ट आवळायची. दंडांची कातडी कोपरापर्यंत येणाऱ्या ब्लाउजच्या बाहीत कोंबायची. चालताना पट्टी सैल झाली तर आवाज येतो, ओलं फडकं दगडावर आपटावं तसा, आणि बांधावर मागून कोणी येत असलं की मी उगाच चप्पल घासत चालते. चरबी गेली तशी ही कातडी पण जाईल असं मला वाटलं होतं. एक वर्ष वाट पाहिली, दुसरं पाहिलं. तेलं लावली. डॉक्टर स्रवंती मॅडमनी दोन बोटांत धरून ती वर उचलली आणि सोडली आणि म्हणाल्या, "ही नाही जायची सारक्का. ही कापावीच लागेल." पोरगी वयानं लहान आहे, पण बोलते सरळ. चार-साडेचार किलो निघेल म्हणाली. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाके. रक्ताची गुठळी होऊ शकते, जखम उघडी पडू शकते. बेंबी नवी करावी लागेल, जुनी राहणार नाही. मी सगळ्याला मान डोलावली. येत्या गुरुवारी ऑपरेशन, सोमवारी नवऱ्याला घेऊन सहीला या, घरच्यांची सही लागते. नवऱ्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

ओदेलु माझा मामेभाऊ. लहानपणापासून मी त्याला बावा म्हणत आले आणि लग्नानंतरही तेच म्हणते. आमच्यात मामाच्या पोराचा हक्क असतो, आणि हक्क म्हटला की दुसऱ्या बाजूनं तो गळ्यात पडलेलं लोढणंही असतो. एकोणीस वर्षांची होते तेव्हा नव्वदच्या वर गेले होते मी. चार स्थळं आली, चहा पिऊन गेली. मग आईनं भावापुढे पदर पसरला आणि मामानं पोराकडे न बघता हो म्हणून टाकलं. लग्नात मी बसले आणि पाटाची फळी कडकन मोडली. मांडव हसला, भटजी हसला, माझी स्वतःची आई हसली, मग रडली. ओदेलुनं काय केलं, तर आपल्या खालचा पाट काढून बाजूला सरकवला आणि खाली मातीत बसला, आणि म्हणाला, "असंच चालू द्या." लोक म्हणाले, पोरगा सज्जन आहे. मीही तेच म्हटलं. सज्जन. तेवीस वर्षं मी त्या शब्दाबरोबर संसार केला. सज्जन माणूस लोढणं टाकून देत नाही, ओढत नेतो, तक्रार करत नाही. डेपोत इंजिनं उघडून येतो, हात घासलेट लावून धुतो, जेवतो. मूल झालं नाही. आधी वजन कमी करा म्हणाले होते, आणि वजन कमी झालं तोवर दुसरं सगळं उलटून गेलं होतं. त्यावरही तो कधी काही बोलला नाही.

पण एकदा त्यानं पाठ फिरवली होती. ती पाठ मी विसरलेली नाही. तीन वर्षांपूर्वी याच खिडकीत, भर दुपारी, भूपालपल्लीची गाडी पुकारता पुकारता माझा श्वास अडकला. माइक चालूच होता. सगळ्या बसस्टँडनं माझी घरघर ऐकली म्हणे. दरवाजा अरुंद, स्ट्रेचर आत येईना, आलं असतं तरी मी त्यावर मावले नसते. मग बसच्या टपावरच्या सामानाची ताडपत्री आणली. चार हमाल. "दम धरा, एक, दोन, तीन," असं म्हणून त्यांनी मला उचललं, जसं कापसाचं ओझं उचलतात. एकाचा हात सुटला. मी दरवाज्याच्या चौकटीत अडकले आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, कोणी मोबाईल वर धरलेला. ओदेलु डेपोतून धावत आला होता, हात काळे, तोंडाला फेस. मी त्याच्याकडे बघितलं. जगात त्या वेळी मला एवढंच हवं होतं की त्यानं माझ्याकडे बघावं. आणि त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ताडपत्री बाहेर गेली, टेम्पोत चढली, तरी तो वळला नाही. लाज वाटली असेल. मला नाही का वाटली? दवाखान्यात नाकात नळी असताना मी ठरवलं की हा माणूस परत कधी भिंतीकडे तोंड करणार नाही. लोक देवासाठी चालतात, डॉक्टरसाठी चालतात. मी त्या पाठीसाठी चालले. एकोणसाठ किलो.

आणि चालून मिळवलं काय, तर आता मीच पाठ फिरवते. ब्लाउज काढत नाही. दिवा आधी मालवते. त्याचा हात आला तर अलगद उचलून बाजूला ठेवते. दोन वर्षं झाली असतील, त्यानं मग हात पुढे करणंच सोडलं. फक्त गाढ झोपेत कधीतरी तो हात आपोआप येतो आणि पोटावरची ती सैल कातडी मुठीत धरतो, लहान पोर आईचा पदर धरतं तशी. मला शिसारी येते. त्याची नाही, माझी. मी श्वास रोखून पडून राहते आणि त्याची मूठ सुटायची वाट बघते.

त्या शनिवारी संध्याकाळी ओदेलु जेवायला बसला आणि मी एका दमात सांगून टाकलं, गुरुवारी ऑपरेशन आहे, सोमवारी तुझी सही हवी. तो चिंचेच्या पच्चिपुलुसूत भात कालवत होता. कालवत राहिला. मग म्हणाला, "जत्रेनंतर कर."

"का?"

"नवस आहे. नवस फेडायच्या आधी अंगाला सुरी लावायची नसते."

"कसला नवस? कोणाचा?"

"तुझा. निलुवेत्तु बंगारम."

म्हणजे अंगाच्या वजनाएवढा गूळ. सम्मक्का-सारलम्माच्या दारी गुळाला कोणी गूळ म्हणत नाही, सोनं म्हणतात, बंगारम. माणूस आजारातून उठला की त्याच्या वजनाचं सोनं वाहायचं. बसस्टँडसमोर दर जत्रेला, म्हणजे दर दोन वर्षांनी, तागड्या लागतात आणि मी खिडकीतून बघते, पोरंबाळं, बाप्ये, म्हाताऱ्या पारड्यात बसून हसत असतात. मी कधी त्या बाजूला फिरकले नाही. आई हयात असताना म्हणायची, आमच्या पोरीचं सोनं द्यायचं तर दोन बैलगाड्या लागतील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला न विचारता माझ्या वजनाचा नवस बोललास? सगळ्या गावासमोर मला तागडीत बसवणार? आणि मागच्या जत्रेला का नाही फेडलास मग? लाज वाटली ना तेव्हा? तेव्हा शंभरच्या वर होते मी."

"मागच्या जत्रेला तू म्हणालीस वजनाचं नाव काढू नकोस. मग नाही काढलं."

"खोटं बोलू नकोस बावा. तुला हे ऑपरेशनच नको आहे. तुझं काय जातंय? तुला काय, तू भिंतीकडे तोंड करून उभा राहशील. सवय आहे तुला."

त्यानं ताटातून हात काढला. "भिंतीकडे?" त्याला खरंच कळलं नव्हतं. मग कळलं. कळल्यावर त्याचा चेहरा इतका हळूहळू बदलला की मला बघवेना. "सारक्का," तो म्हणाला, "मेडारम त्या बाजूला आहे. मी तिकडे तोंड करून नवस बोलत होतो. देवीला म्हटलं, ही जेवढी आहे तेवढी, यातला एक मासाही कमी न करता मला परत दे. जेवढी आहे तेवढं सोनं देतो."

तीन वर्षं मी एका पाठीकडे बघत चालले होते आणि त्या पाठीच्या पलीकडे हे होतं. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. एवढं साधं होतं तर बोलला का नाहीस, असं मी ओरडले. तो म्हणाला, बोललो असतो तर नवस वाया गेला असता, फेडेपर्यंत सांगायचा नसतो. आणि मग, भाताकडे बघत, भांडणाच्या आवाजात अजिबात नाही, अगदी गाडीचा कुठला भाग गेलाय ते सांगावं तसं तो म्हणाला, "मी तिला परत मागितलं होतं. ती घरी आली पण. पण मग तू तिला रोज पहाटे बांधावर नेलंस आणि चालवून चालवून संपवलंस. मी काय म्हणणार? डॉक्टर म्हणत होते जगायचं तर हेच. मला कळतं. पण मला ती आवडायची. घरात शिरली की घर भरायचं. आता तू बाजूनं जातेस तरी मला वारा लागत नाही."

"लग्न गळ्यात पडलं होतं तुझ्या," मी म्हटलं.

"कोण म्हणतं? बापाला मीच सांगितलं होतं, आत्याकडे जा म्हणून. तुझी आई यायच्या आधीच."

मग त्यानं ताट उचललं आणि मोरीवर नेऊन धुतलं. मी तिथंच बसले. तेवीस वर्षांचा संसार एखाद्यानं उलटा करून झटकावा तसं झालं, आणि खाली पडलेलं काही माझ्या उपयोगाचं नव्हतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, जेव्हा कळून काही करता आलं असतं. माझ्यावर कोणी जीव टाकतं हे मला ती बाई मेल्यावर कळत होतं. थोड्या वेळानं मी म्हटलं, "उद्या तोल. उद्याच बसते तागडीत. जत्रेत सोनं तू घेऊन जा. पण गुरुवार मी सोडणार नाही." तो बरं म्हणाला. त्याचं सगळं बरंच असतं.

रविवारी अकराच्या उन्हात आम्ही गेलो. बसस्टँडसमोर गुळाच्या शेठनं लाकडी तिवईवर मोठी तागडी टांगली होती, मागे ढेपांची भिंत, तिच्यावर माश्या. रांगेत सगळे ओळखीचे, कंडक्टर, फळवाल्या, डेपोतल्या बाया. "अक्का, आज तुम्ही पण?" म्हणत सरकले. मी पारड्यात पाय ठेवला तेव्हा पहिला विचार आला, तुटेल. बहात्तर किलोची बाई, आणि पोटात तीच भीती. दोरी धरून टेकले. पारडं जमिनीला लागलं, समोरच्या पारड्यात ढेपा चढू लागल्या. मग माझे पाय हळूच जमिनीवरून सुटले. कोणी हसलं नाही. शेठनं दांडीवर बोट ठेवलं, म्हणाला, "बहात्तर. बसलं बघा बरोबर. उतरा अक्का, सम्मक्का भलं करो."

"चढव," ओदेलु म्हणाला.

"आता काय चढवू अण्णा? झालं ना वजन."

"एकोणसाठ अजून चढव."

"ते कोणाचं?" शेठनं आजूबाजूला बघितलं. "अजून कोणी बसणार आहे का? माणूस कुठंय?"

"माणूस नाही," ओदेलु म्हणाला. "वजन आहे. चढव तू."

शेठनं खांदे उडवले. ढेप पडली, समोरचं पारडं धाडकन खाली गेलं आणि मी वर. आणखी ढेप. ओदेलु स्वतः उचलून ठेवत होता, एकेक, दोन्ही हातांनी, घाई न करता, तिला दुखेल अशा काळजीनं. मी वर लटकलेली, पाय हवेत, साडी एका हातानं घोट्याशी धरलेली. खाली तिचा ढीग वाढत होता. मागून एक पोरगी म्हणाली, आई, ती अम्मा खाली का येत नाही? खरंच, मी खाली येणार नव्हते. समोर जमिनीवर घट्ट बसलेलं ते काळंपिवळं थोराड वजन होतं, उन्हात घाम सुटल्यासारखं चकाकणारं, आणि त्याच्यासमोर मी म्हणजे कोणीतरी टांगून ठेवलेलं रिकामं कापड. पट्टी आतून सुटली. कातडी मांडीवर उतरली ती मला कळली, आणि पहिल्यांदाच मी ती चटकन आवळली नाही. मला तिथून ओरडावंसं वाटलं की अरे, मी पण आहे, श्वास घेते, जिने चढते, तुझ्यासाठीच केलं सगळं, माझ्याकडे बघ. तो ढेपा मोजत होता. शेवटची ठेवून झाल्यावर तिच्यावर त्यानं हात ठेवला. मग मला उतरवायला आला.

सोमवारी डॉक्टर स्रवंती मॅडमनी त्याला सगळं समजावलं. गुठळी, टाके, नळ्या, सहा आठवडे ओझं उचलायचं नाही. तो ऐकत होता. बेंबीचं आलं तेव्हा त्यानं विचारलं, "जुनी कुठं जाणार?" मॅडम हसल्या, "कातडीबरोबर." ओदेलुनं पेन घेतलं, टोपण काढलं, आणि सही न करता म्हणाला, "कापलेलं आम्हाला मिळेल ना?"

"काय मिळेल?"

"कातडी."

"कशाला?"

"पुरायला."

माझी कानशिलं तापली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे. त्या समजावू लागल्या, दादा, तो दवाखान्याचा कचरा असतो, आम्ही पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवतो, सगळीकडे असंच. ओदेलुनं टोपण परत लावलं. "माझ्या बापाचा पाय शुगरनं कापला तेव्हा दवाखान्यानं फडक्यात बांधून दिला होता," तो म्हणाला. "आम्ही शेताच्या कडेला पुरला. चार वर्षांनी बाप गेला, त्याला त्या पायाच्या शेजारीच पुरला. कचऱ्यात घरचं माणूस देत नसतात. देणार असाल तर सही करतो." आवाज चढला नव्हता, पण तो उठणार नाही हे मला दिसलं. चिडून मी तोंड उघडलं. म्हणणार होते की बावा, माझी कातडी आहे, माझा छळ आहे, तिची खाज मी खाजवलीय, तिचा वास मी काढलाय, तिच्यासाठी तू कोण अडून बसणारा? आणि त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे कोरडे होते आणि टोपण लावलेलं पेन त्यानं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. अख्ख्या जगात त्या जाड बाईसाठी अडून बसणारे तेवढेच दोन हात होते. मी स्वतः तिच्यासाठी कधी एक टिपूस गाळला नव्हता. तिला हाकलायला निघालेली मी, आणि तिचं असं म्हणायला हा एकटा. मी माइकवर बोलते त्या आवाजात म्हणाले, "द्या त्यांना मॅडम. काय लिहून हवं ते लिहून देते मी."

मॅडमनी फोन केला, वर कोणाला तरी विचारलं. मग नर्स एक कागद घेऊन आली. "हात-पाय देताना भरतो तोच आहे," ती म्हणाली, "आणि बॉडी देताना पण हाच. जे लागू नाही ते खोडा." ओदेलुनं आधी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. मग हा कागद पुढे ओढला. शाळा सातवीपर्यंतची, अक्षर मोठं आणि गोल. 'मृत व्यक्ती / अवयव' असं छापलं होतं, त्यातलं त्यानं काहीच खोडलं नाही. नावाच्या जागी सारक्का लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी थांबला आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "तिचं वय काय घालू?"

"एकोणचाळीस," मी म्हटलं.

त्यानं एकोणचाळीस लिहिलं. नात्याच्या जागी लिहिलं, बायको. त्या शब्दाला त्याला फार वेळ लागला. नर्सनं कागद वाचला, मान हलवली, म्हणाली, "साक्षीदाराची सही राहिली. सोबत आणखी कोणी आलंय का?"

"मी आहे ना," मी म्हटलं, आणि सही केली.